बिननावाचा पेशंट

१

शिंपीकाका गेले ते मंगळवारी सकाळी, इंजेक्शनच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. पायाची जखम चिघळली म्हणून आले होते. इंजेक्शन घेऊन झालं, बाही खाली ओढली आणि सिस्टरच्या एप्रनकडे बघून म्हणाले, "खांदा वाकडा बसवलाय हो तुमचा. आणून द्या, सरळ करून देतो." एवढं बोलून त्यांनी गळ्याला हात लावला. पुढच्या वीस मिनिटांत डॉक्टर धावले, ऑक्सिजन आला, उताऱ्याची औषधं दिली, सगळं झालं. त्यांना ते औषध चालत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांच्यासकट कुणालाच माहीत नव्हती.

बुधवारी दुपारपर्यंत दोषी कोण ते ठरलं होतं. सिस्टर. ती सिस्टर म्हणजे माझी वहिनी.

आमच्या रुग्णालयात ते औषध टोचण्याआधी त्वचेवर चाचणी करतात आणि निकाल कॉम्प्युटरात जातो. इंजेक्शनच्या खोलीत कॉम्प्युटरचा एक पडदा आहे. त्यावर रुग्णाचा क्रमांक टाकला की तो रंग दाखवतो. हिरवा म्हणजे चाचणी झाली, त्रास नाही, द्या. लाल म्हणजे देऊ नका. पिवळा म्हणजे चाचणीच झालेली नाही, थांबा. शिंपीकाकांची चाचणी झालेली नव्हती. म्हणजे पडदा पिवळा असणार. वहिनी म्हणत होती, हिरवा होता.

पडद्याचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. मी जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करतो म्हणून ऑफिसात मला सगळे 'जावई' म्हणतात. मानही जावयाइतकाच आहे, म्हणजे तोंडावर.

मी नववीत असताना वहिनी आमच्या घरात आली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. माझा डबा, माझा अभ्यास, माझी नाटकं, सगळं त्या पोरीनं अंगावर घेतलं. तेव्हा ती स्वतः तेवीस वर्षांची होती. रीतीप्रमाणे ती मला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणते. रागावली की सरळ 'अरे'वर येते. बुधवारी संध्याकाळी ती कणीक मळत होती आणि मळतच राहिली, पीठ केव्हाच मळून झालं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी हिरवा बघितला. पण आता सगळे इतक्या ठामपणे सांगतायत की मलाच वाटायला लागलंय, पिवळा तर नव्हता?"

चौकशीत ती दोषी ठरली तर तिचं परिचारिकेचं नोंदणीपत्र जाणार होतं. नोकरी दुसरी मिळाली असती. पण आपण एका माणसाला मारलं ही समजूत तिच्याबरोबर जन्मभर राहिली असती. मी तिला शब्द दिला, की दोष यंत्रात असेल तर तो मी खणून काढीन.

२

चौकशीला रुग्णालयानं निवृत्त न्यायाधीशबाई बोलावल्या. सत्तरीच्या, बुटक्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. गुरुवारी साडेनऊला त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत वही उघडली. कोर्टातली एक सवय त्यांना सुटलेली नव्हती. प्रत्येक उत्तर लिहिलं की घड्याळ बघून समासात वेळ टाकायच्या.

"मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही," त्यांनी सांगून टाकलं. "समजावून सांगायला एक माणूस हवा. तुम्ही सिस्टरचे दीर ना?"

"हो. पण मग मी इथं बसणं बरोबर होईल का?"

"तुम्हीच बसा," बाई म्हणाल्या.

आधी वॉर्डचे डॉक्टर आले. पोरगेलेसे, दोन दिवसांची वाढलेली दाढी. "चाचणी बाह्यरुग्ण विभागात झाली असेल असं मी धरून चाललो," ते म्हणाले. "कागद बघितला नाही. बाई, मी धरून चाललो." बाईंनी लिहून घेतलं, वेळ टाकली.

मग कोठीकाका. डेटाबेस सांभाळतात म्हणून कोठीकाका. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. जावा म्हणजे कालची पोरं आणि खरं शहाणपण डेटाबेसात, असं त्यांचं ठाम मत.

"काका, शिंप्याच्या नोंदीत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चाचणीची जागा रिकामी. शून्य नाही, एक नाही, रिकामी." त्यांनी छापील कागद पुढे सरकवला. "आणि माझी प्रोसिजर रिकामं असलं तर रिकामंच देते. पंधरा वर्षं देतेय."

"प्रोसिजर म्हणजे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे ओढली. "बाई, डेटाबेस म्हणजे कोठी समजा. सगळ्या रुग्णांची माहिती आत. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, म्हणून काकांनी खिडकीवर एक कारकून बसवलाय. तीच स्टोअर्ड प्रोसिजर. माझा जावाचा प्रोग्रॅम खिडकीशी जाऊन रुग्णाचा क्रमांक देतो. कारकून आतून माहिती आणून खिडकीत ओळीनं मांडतो. मी एकेक जिन्नस उचलतो आणि पडद्यावर दाखवतो."

"मग बिघडलं कुठं?"

"बिघडण्याजोगी एकच जागा आहे. जावाचा आकड्याचा जो डबा असतो, त्यात 'माहीत नाही' मावत नाही. खिडकीतून रिकामं आलं, तरी डब्यात शून्य दिसतं. आणि चाचणीत शून्य म्हणजे त्रास नाही."

"म्हणजे हिरवा!" बाई ताठ बसल्या.

"तसं होऊ नये म्हणून एक ओळ असते. जिन्नस उचलला की विचारायचं, 'रिकामं होतं का?' हो आलं की पिवळा दाखवायचा."

"ती ओळ तुम्ही घातलीच नसेल."

मनातून मला तीच आशा होती. काल संध्याकाळपासून मी तेच शोधत होतो. "घातलीय, बाई," मी म्हणालो. उगाच वेळ जाऊ नये म्हणून महत्त्वाच्या ओळी तेवढ्या वाचून दाखवल्या. खिडकीशी जा. क्रमांक दे. निकाल उचल. रिकामं होतं का विचार. असेल तर पिवळा.

"चालते का ती ओळ?"

"शिंपीकाकांचा क्रमांक आता उघडत नाही, मृत म्हणून नोंद झालीय. पण तपासायला एक खोटा रुग्ण ठेवलाय. त्याचीही चाचणी झालेली नाही. बघू या."

मी खालच्या पडद्यावर चालतो तोच प्रोग्रॅम भिंतीवर लावला आणि खोट्या रुग्णाचा क्रमांक टाकला, चार वेळा नऊ. क्रमांकाच्या वर नावाची मोठी चौकट उमटली, कोरी. तिच्याखाली सगळा पडदा पिवळाधमक झाला.

बाईंनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा पिवळा.

कोठीकाकांनी हात झटकले. "कोठी खरी, खिडकी खरी, पडदा खरा. मग खोटं कोण?"

खोलीत आता फक्त एक नाव उरलं होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि वहिनी आत आली.

३

ती साध्या कपड्यात आली होती. निलंबित माणसाला गणवेश घालता येत नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"सिस्टर, रंग कोणता होता?"

"हिरवा."

"यंत्र म्हणतंय, चाचणी नसलेल्याला ते पिवळाच दाखवतं. आत्ता मी डोळ्यांनी बघितलं."

"यंत्र म्हणत असेल. मी हिरवा बघितला." मग तिचा आवाज उतरला. "पण बाई, एक लिहून घ्या. पूर्वी आम्ही तोंडानं विचारायचो, पूर्वी कधी या औषधाचा त्रास झाला होता का, चाचणी कधी केली. पडदा आल्यापासून विचारणं सुटलं. रांग मोठी होती. हिरवा दिसला आणि मी सुई उचलली. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कसली चाचणी? हा माझा दोष आहे. तो यंत्राच्या माथी मारू नका."

इतकी वर्षं वहिनी दुसऱ्यांचं अंगावर घेतेय, आणि आज स्वतःचं सोडून द्यायलाही तयार नाही.

"बाई, मी मध्ये बोलू?" मी म्हणालो. "यंत्रात अजून शोधायला जागा आहे. नेटवर्क असेल. पडद्याचं हार्डवेअर असेल. जुना रुग्ण पडद्यावर राहिला असेल. मला आजचा दिवस द्या."

"देते. गेल्या महिनाभरात पडद्यात बदल कोणी केले?"

मी बदलांची नोंद उघडली. एकच होती, तीन आठवड्यांपूर्वीची, माझ्याच नावावर. 'पडद्यावरचा मजकूर मोठा केला.'

"अक्षरं मोठी केली, एवढंच?"

"एवढंच, बाई. किरकोळ."

बाईंनी पेन ठेवलं. "मघाशी तुम्ही मला महत्त्वाच्या ओळी वाचून दाखवल्यात. आमच्याकडे वकील असंच करायचे. महत्त्वाचा परिच्छेद वाचतो म्हणायचे. मी म्हणायची, सगळा कागद वाचा, महत्त्वाचं मी ठरवीन. वाचा. बोट ठेवून, एकही ओळ न गाळता."

जावावाल्यांची ही खोड आहे. दुसऱ्याला समजावताना आपण मधल्या ओळी गाळतो. त्या फक्त दाखवायच्या असतात, सजवायच्या असतात, त्यांत काय असणार? मी बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं वाचायला लागलो.

"खिडकीशी जा. क्रमांक दे. पहिला जिन्नस उचल, चाचणीचा निकाल, आकड्याच्या डब्यात ठेव. दुसरा जिन्नस उचल, रुग्णाचं नाव, मोठ्या अक्षरात चौकटीत ठेव. विचार, रिकामं होतं का? हो असेल तर पिवळा कर. नाहीतर निकाल एक असेल तर लाल कर. नाहीतर हिरवा कर."

वाचता वाचता माझं बोट थांबलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "संपलं. एवढंच आहे."

मला कळलं होतं. सगळं, मुळापासून शेंड्यापर्यंत. मी बोललो नाही.

बाईंनी घड्याळ बघितलं आणि समासात लिहिलं, अकरा.

४

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर उन्हात चांदणं पडलं होतं.

सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्या दोन वाक्यांपाठी एक माणूस मेला होता आणि चूक माझ्या हातची होती. मी स्वतःला समजावलं, की आधी नीट खात्री करून घेऊ. मग समजावलं, की वहिनीसमोर नको, ती खोलीबाहेर गेली की सांगू. ती गेली. मग वाटलं, कोठीकाका आहेत, त्यांना किती आनंद होईल! माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नाही.

बाराच्या सुमारास बाईंनी विचारलं, "ते नेटवर्कचं काय म्हणत होता?"

"शक्यता कमी आहे," मी म्हणालो. "नेटवर्क तुटलं तर पडदा काळा होतो."

"आणि जुना रुग्ण पडद्यावर राहणं?"

"ते होऊच शकत नाही, बाई. प्रोग्रॅम आधी पडदा पुसतो."

तिथं चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती, आणि मी चोराची बाजू मांडत होतो.

एक वाजता जेवणाची सुटी झाली. मी तळमजल्यावर गेलो. सांगतो, मी सांगायलाच गेलो होतो. निदान त्या पडद्यावर कागद चिकटवायचा, 'बंद आहे' म्हणून. इंजेक्शनच्या खोलीत वहिनीच्या जागी दुसरी सिस्टर होती. खुर्चीवर एक जाडसे गृहस्थ, पायाशी हेल्मेट. पडदा हिरवा. हिरवा खरा की खोटा, ते बघून कळणं शक्यच नव्हतं. सिस्टरनं सुई उचलली.

मी दारात उभा होतो. तोंड उघडलं. "थांबा" हा शब्द काही मोठा नाही. पण थांबा म्हटलं की पुढे का ते सांगावं लागतं, आणि का सांगितलं की कधी कळलं तेही विचारतात. सुई आत गेली. बाहेर आली. कापूस दाबला. गृहस्थांनी हेल्मेट उचललं, माझ्या अंगावरून गेले आणि "पार्किंगचा जिना कुठं?" म्हणून विचारलं. मी दाखवला.

मी दहा मिनिटं जिन्यापाशी उभा राहिलो. खालून कुणी ओरडलं नाही. काही झालं नाही, मी स्वतःला म्हणालो, आणि पुन्हा वर जाऊन बसलो. त्या दहा मिनिटांइतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

अडीच वाजता बाईंनी सगळ्यांना परत बोलावलं. वहिनी, डॉक्टर, कोठीकाका, मी.

"मला एकाच माणसाबद्दल प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "आणि तो माणूस अस्तित्वातच नाही."

५

"काका, तो खोटा रुग्ण तुम्ही तयार केलात?"

"पंधरा वर्षांपूर्वी."

"त्याला नाव का दिलं नाही? सकाळी भिंतीवर नावाची चौकट कोरी होती."

काका हसले. "नसलेल्या माणसाला नाव कशाला, बाई? नाव दिलं असतं तर कुणीतरी चुकून त्याला खाटेवर दाखल केलं असतं. मुद्दाम रिकामं ठेवलंय."

"रिकामं," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "मी चाळीस वर्षं उलटतपासण्या ऐकल्या. वकिलानं साक्षीदाराला विचारलं, 'दुकान उघडं होतं का?' साक्षीदार म्हणाला, शटर वर होतं. वकिलानं मध्येच विचारलं, 'दुकानदाराचं नाव काय?' तो नाव सांगतो. मग वकील म्हणतो, 'नक्की का?' साक्षीदार म्हणतो, 'नक्की.' ते नक्की कशाबद्दल असतं? दुकानाबद्दल की नावाबद्दल?"

बाईंनी स्वतःच उत्तर दिलं.

"शेवटच्या प्रश्नाबद्दल. नावाबद्दल. यावर मी एक अख्खा निकाल फिरवलाय. आता मला सांगा, तुमचा प्रोग्रॅम निकाल उचलतो, मग नाव उचलतो, आणि मग विचारतो, 'रिकामं होतं का?' हे विचारणं कशाबद्दल आहे?"

माझी मान खाली होती. "शेवटी उचललेल्या जिनसाबद्दल," मी म्हणालो. "नावाबद्दल."

कोठीकाका ताडकन उठले. "अरे देवा! म्हणजे नाव असलेल्या कुठल्याही माणसाला पिवळा येणारच नाही!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "निकाल रिकामा, डब्यात शून्य. नाव भरलेलं, म्हणून रिकामं नाही असं उत्तर येतं. पडदा हिरवा. पिवळा कुणाला येईल? ज्याला नावच नाही त्याला. अख्ख्या रुग्णालयात असा एकच आहे, आणि आपण यंत्र तपासायला नेमका तोच घेतला." बाईंनी वहिनीकडे बघितलं. "सिस्टर, तुम्ही हिरवाच बघितलात. स्वतःच्या डोळ्यांवर पुन्हा शंका घेऊ नका."

वहिनीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खांदे हलत होते. मंगळवारपासून ती पहिल्यांदा रडत होती.

"आधी खाली फोन करा," बाई मला म्हणाल्या. "आत्ता या क्षणी तो पडदा चालू आहे."

मी केला. पडदा बंद करायला सांगितलं, तोंडानं विचारल्याशिवाय एकही इंजेक्शन देऊ नका म्हटलं. मग तिथंच बसून 'रिकामं होतं का' ही ओळ नावाच्या ओळीच्या वर नेली. दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नाही.

"नावाची ओळ तीन आठवड्यांपूर्वीची," बाई म्हणाल्या. "नोंदीत तुम्ही लिहिलंत, मजकूर मोठा केला."

"हो. मोठं नाव दाखवलं. किरकोळ वाटलं म्हणून तसं लिहिलं. कुणाला तपासायलाही दिलं नाही."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. माझी मीच."

"मी सांगितलं होतं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तू—"

"मी सांगितलं होतं, बाई. घरी, जेवताना. आम्ही पेशंटला 'ए सत्तावीस' म्हणून हाका मारतो, मला लाज वाटायची. म्हटलं, भाऊजी, पडद्यावर नाव येईल का मोठं, म्हणजे नावानं बोलावता येईल. त्यांनी दुसऱ्या दिवशी करून दिलं. म्हणजे हे माझ्यापासूनच सुरू झालं."

मला हेच नको होतं. तिला आळातून सोडवायचं आणि त्याच वेळी हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचं, हे मला अकरापासून दिसत होतं. माझ्या गप्प राहण्याला मी हेही एक कारण दिलं होतं, आणि ते सगळ्यात सोयीचं होतं.

"माणसाला नावानं हाक मारावीशी वाटणं हा गुन्हा नाही," बाईंनी सांगितलं. "ते मी लिहिणारसुद्धा नाही." मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. समासात वेळा होत्या. "तुम्हाला मी मुद्दाम बसवलं. या इमारतीत यंत्राचा दोष सापडावा असं ज्याला सगळ्यात जास्त वाटतं, असा माणूस मला हवा होता. साडेनऊ ते अकरा तुम्ही तसेच वागलात. नेटवर्क म्हणालात, हार्डवेअर म्हणालात, एक दिवस द्या म्हणालात. अकरानंतर मी त्याच शंका काढल्या आणि तुम्ही एकेक खोडून काढलीत. सिस्टरचा दीर अकरा वाजता यंत्राचा वकील कशामुळे झाला, याचा मी विचार करत बसले. म्हणून मला उत्तर सापडलं. आता माझा शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर मी तुम्ही म्हणाल तसंच लिहीन. तुम्हाला हे कधी कळलं?"

'आत्ता' म्हणता आलं असतं. त्या खोलीत तेवढी सवड त्यांनी मला दिली होती.

"अकरा वाजता," मी म्हणालो. "बोट ठेवलं तेव्हा."

बाईंनी लिहून घेतलं.

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिचं रडणं थांबलं होतं. "अरे," ती म्हणाली, "अकरा ते अडीच. खाली किती जणांना दिलं?"

६

यादी काढली. नऊ जणांना. कोठीकाकांनी कोठी उघडून बघितलं, त्यांतल्या सात जणांची चाचणी झालेली होती. दोघांची नव्हती.

वहिनीनं कुणाची परवानगी विचारली नाही. निलंबन, साधे कपडे, काही नाही, ती सरळ खाली उतरली आणि मी तिच्या मागे. पहिली एक म्हातारी, दुसऱ्या मजल्यावर दाखल होती. वहिनीनं तिची नाडी बघितली, हात उघडून बघितले, जिभेखाली बघितलं, श्वास ऐकला. म्हातारी म्हणाली, "मला काय झालंय? झोपू दे की." वहिनी तिच्या खाटेच्या कडेला बसली आणि पुन्हा एकदा नाडी मोजली.

दुसरा घरी गेला होता. नावावर बोट ठेवलं तेव्हा मला तारीख, वेळ, सगळं दिसलं. एक वाजून चार मिनिटं. हेल्मेटवाला.

त्रास कधी कधी तासाभरानंही होतो, कधी त्याहून उशिरा, हे वहिनीनं मला चालता चालता सांगितलं. घरी एकटा असेल. मोटारसायकलवर असेल. तळमजल्यावरच्या स्वागतकक्षातला फोन तिनं उचलला आणि लावला. वाजत राहिला. कट झाला. पुन्हा लावला. तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर घासत होता.

"मी तिथं उभा होतो," मी म्हणालो. "दारात. त्याला दिलं तेव्हा."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "मघाशी माझ्या जागची सिस्टर सांगत होती, तुमचे दीर येऊन गेले, काही बोलले नाहीत. मी तिला म्हटलं, तो माझ्या काळजीत असेल."

चौथ्यांदा लावला. सहा वेळा वाजला. सात. मग खडखड झाली आणि कुणीतरी त्रासिक आवाजात म्हणालं, "हॅलो? कोण बोलतंय? मी गाडीवर होतो."

वहिनीनं डोळे मिटले. तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"रुग्णालयातून बोलतोय," मी म्हणालो. "तुम्ही बरे आहात ना? अंगाला खाज, धाप, गळा सुजल्यासारखं, काही?"

"काही नाही हो. ठणठणीत आहे." तिकडून हसू आलं. "का? एवढी चौकशी कशासाठी?"

मी वहिनीकडे बघितलं. तिनं डोळे उघडले होते आणि ती वाट बघत होती. शिंपीकाकांची मुलगी समोरच्या बाकावर बसली होती, चौकशी संपायची वाट बघत, सकाळपासून. तिनंही मान वर केली होती.

"सांगतो," मी म्हणालो, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी पडद्याचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. चूक माझी आहे, आणि तुम्हाला सुई टोचण्याआधी दोन तास ती मला माहीत होती."